ओल्या झोळीचं वजन

मेव्हिस बूलॉकला मी चाळीस वर्षं ओळखत होते, आणि त्यातली निदान दहा तरी तिच्यावर चिडण्यात गेली. आमची घरं भिंतीला भिंत लागून. ती पलीकडे शिंकली की मी इकडे रुमाल शोधायची, एवढी ती भिंत पातळ.

मी डॉट. कोपऱ्यावर ओटच्या घावनांचं दुकान आहे ना, ते माझं. आमच्या स्टोक गावात रविवारी सकाळी घावन, चीज आणि बेकन पोटात गेल्याशिवाय माणूस कुणाशी धड बोलत नाही, त्यामुळे गावातली प्रत्येक भानगड आधी माझ्या तव्यासमोर येते. म्हणून सांगते, ही गोष्ट माझ्याइतकी नीट कुणाला माहीत नाही. कामगार क्लबातला हॉरेस टनिक्लिफ वेगळी सांगतो. सांगू दे.

मेव्हिस चिनीमातीच्या कारखान्यात कपबशांना सोन्याची रेघ ओढायची. सव्वीस वर्षं तेच काम. फिरत्या चाकावर बशी ठेवायची, कुंचला टेकवायचा, श्वास रोखायचा, की झाली रेघ. कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, भिंग लावून शोधा, सापडायची नाही. सोनं रोज सकाळी तोलून मिळायचं, एवढ्याशा वाटीत. आधी रिकामी वाटी तोलायची, मग सोन्यासकट. संध्याकाळी उरलेलं परत करताना पुन्हा तसंच. सव्वीस वर्षांत तिच्या सोन्यात गुंजेचाही फरक आला नाही. हे मी तिची मैत्रीण म्हणून सांगत नाही, तिची मुकादमीण माझ्याकडे घावनं घ्यायला यायची, ती सांगायची.

तिचा नवरा लेन त्याच कारखान्यात भट्टीवर कामाला होता. माणूस देवमाणूस, पण मासे सोडून दुसरा विषय नाही. आमच्याकडे हा गळाचा नाद म्हणजे मासा धरायचा, तोलायचा आणि परत सोडून द्यायचा. खायचा नाही. माझी बहीण समुद्रकाठी राहते, तिला हे ऐकून दर वेळी हसू फुटतं. "अगं, मग धरता कशाला?" म्हणते. तिला मी आता उत्तर देत नाही.

लेनबरोबर बारा वर्षं मेव्हिस प्रत्येक रविवारी ब्रॅटच्या तळ्यावर गेली. ब्रॅटची वीटभट्टी होती, मातीसाठी खणलेल्या मोठ्या खड्ड्यात पाणी साठून ते तळं झालं, आणि कुणीतरी त्यात कधीकाळी कार्प सोडले. तिथे मासे धरायचा हक्क कामगार क्लबाकडे. आणि कामगार क्लबात बायकांना सभासद होता येत नसे. शनिवारी नवऱ्याबरोबर यावं, गाणी ऐकावीत, अर्धा ग्लास प्यावा, नवऱ्याबरोबर घरी जावं. तळ्यावरसुद्धा तेच. वहीत मेव्हिसचं नाव बारा वर्षं 'लेनची पाहुणी' असं लागायचं. पाहुणी नवऱ्यापेक्षा जास्त मासे धरायची, ही गोष्ट वेगळी.

लेनचा एकच मोठा मासा. सोळा पौंडांचा कार्प. सोळा म्हणजे सोळा, वर एक औंस नाही की खाली एक औंस नाही. दर नाताळाला तो मासा आम्हाला जेवायच्या टेबलावर ऐकायला लागायचा. क्लबाच्या भिंतीवर लाकडी पाटी होती, तिच्यावर मोठ्या माशांची नावं सोनेरी अक्षरांत. सगळ्यात वर हॉरेस टनिक्लिफ, वीस पौंड एक औंस. त्याच्या खाली लेन बूलॉक, सोळा पौंड. खाली आणखी सात-आठ जण. आणि ती अक्षरं कुणी काढली होती? मेव्हिसनं! ज्या क्लबात तिला सभासद म्हणून घेत नव्हते, त्याची पाटी ती फुकट रंगवून द्यायची. मी तिला म्हणायची, "बये, जरा तरी लाज बाळग स्वतःची." ती म्हणायची, "अक्षर वाईट दिसलेलं मला बघवत नाही गं."

एक्क्याऐंशीच्या वसंतात लेन गेला. भट्टीच्या धुळीनं छाती खाल्ली होती. हॉरेस त्याचा जिवाचा दोस्त आणि क्लबाच्या मासेमारीचा चिटणीस. दफनाच्या वेळी तो बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "सोळा पौंडांचा लेन," आणि तेवढ्यावरच खाली बसला. मेव्हिसनंच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

जूनमध्ये हंगाम उघडला, तशी मेव्हिस लेनचा परवाना घेऊन क्लबात गेली. म्हणाली, "माझ्या नावावर करून दे." हॉरेसनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"मेव्हिस, नियम आहे."

"बारा वर्षं येतेय मी."

"पाहुणी म्हणून. आता कुणाची पाहुणी तू? मी समितीत विचारलं गं. हसले सगळे."

"तूही हसलास?"

हॉरेसनं टोपी पुन्हा काढली. मेव्हिस घरी आली, माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "डॉट, मी क्लब काढतेय. तू पहिली सभासद."

"मला मासे आवडत नाहीत."

"तुला बसायला आवडतं ना? मग झालं."

सात जणी जमलो. कारखान्यातल्या पाच, मी आणि मेव्हिस. वहीच्या पहिल्या पानावर तिनं नियम लिहिले, सुंदर अक्षरात. पहिला, आधी मासा, मग माणूस. दुसरा, बाई असो, बाप्या असो, सगळे सभासद. तिसरा, वजन खरं लिहायचं. क्लब झाला, नियम झाले. पाणी कुठे होतं?

पाण्यासाठी ती थेट मिस्टर ब्रॅटकडे गेली. मलाही ओढून नेलं. म्हातारा खडूस. तोवर त्याची भट्टी बंद पडली होती, पण तळं त्याचंच. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते क्लबवाले ऑक्टोबर संपला की गळ गुंडाळून घरी जातात. म्हणतात, थंडीत कार्प चिखलात झोपतो, खात नाही. नोव्हेंबरपासून पाणी रिकामंच असतं. बसा तुम्ही."

"आणि झोपत नसेल तर?" मेव्हिसनं विचारलं.

म्हातारा हसला. "चौदा मार्चला हंगाम संपतो. त्याच्या आत दहा पौंडांच्या वरचा एक कार्प काढून दाखवा, टनिक्लिफच्या डोळ्यांसमोर तोललेला. मग अख्खं वर्ष पाणी तुमचं. त्यांचा करार तसाही जूनमध्ये संपतोय."

"आणि नाही निघाला तर?"

"तर घरी बसून विणकाम करा."

झालं. गावभर बोभाटा. क्लबातले बाप्ये माझ्या दुकानात रांगेत उभे राहून मला ऐकवायचे. "काय डॉट, झोपलेल्या माशांना अंगाई म्हणता म्हणे?" "लोकर न्या गं बरोबर, माशाला टोपरं विणा." मी त्यांच्या घावनांत बेकन कमी घालायची. दुसरं काय करणार?

तो हिवाळा आठवतो ना? डिसेंबरात तळं असं गोठलं की पोरं त्यावरून सायकली चालवत होती. आमच्यातली एक म्हणाली, "हातोडीनं फोडू या बर्फ." मेव्हिस अशी अंगावर आली तिच्या! "खाली कान आहेत त्यांना. बर्फावर हाणलंस तर धक्क्यानं मरतील." मग पातेल्यात कढत पाणी आणून बर्फावर ठेवायचं, गोल भोक पडायचं, माशांना हवा मिळायची. दोन आठवडे आम्ही मासे धरले नाहीत, पातेली वाहिली.

जानेवारी सरता सरता बर्फ वितळलं आणि खऱ्या बैठका सुरू झाल्या. आता हे मी कबूल करायला नको, पण करते. मला मजा यायला लागली. सकाळी आठला गवत पांढरं असायचं, गळाच्या दांडीच्या कड्यांमध्ये बर्फ धरायचं, ते बोटांनी चोळून काढायचं. दुकानातला तवा नवऱ्यावर सोपवून मी रस्सा न्यायची, मांस आणि बटाटे घातलेला, दाट, चमचा उभा राहील असा. एक तांबड्या छातीचा रॉबिन रोज यायचा आणि मेव्हिसच्या दांडीवर बसून अळ्यांच्या डब्याकडे बघायचा. कुणी बोलत नसे. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांची बडबड ऐकली, मला ती शांतता भाकरीसारखी लागायला लागली. घरी नवरा म्हणाला, "एक मासा नाही आणि तोंड बघ कसं उजळलंय." मी म्हटलं, "गप बस आणि मोजे वाळत घाल."

मेव्हिस मात्र मजेसाठी आली नव्हती. शाळेतल्या स्वयंपाकिणीकडून तिनं मुरंब्याचा थर्मामीटर मागून आणला, दोरीला बांधला आणि तळ्यात जागोजाग सोडून बघितला. सगळीकडे पाणी सारखंच गार. फक्त जुन्या भट्टीच्या भिंतीखाली दोन अंश जास्त. दिवसभर ऊन विटांवर पडायचं, भिंत तापायची आणि तिच्या पायाशी पाणी किंचित कोमट राहायचं. "दोन अंशांनी काय होतंय?" मी म्हटलं. ती म्हणाली, "तुला दोन पांघरुणं आणि एक पांघरूण यांत फरक कळतो ना? त्यांनाही कळतो." आणि बाप्ये उन्हाळ्यात मूठ-मूठ चारा टाकतात, तसा टाकायचा नाही. थंडीत भूक कमी. गळाला मक्याचा एक दाणा, बाजूला चार दाणे, बस्स.

हॉरेस दर रविवारी साक्षीदार म्हणून यायचा. लांब घडीच्या खुर्चीवर बसायचा, पेपर वाचायचा. तिसऱ्या रविवारी त्यानं पेपर आणला नाही. चौथ्या रविवारी खुर्ची जरा जवळ आणली. मी त्याला रस्सा दिला नाही. मेव्हिसनं दिला.

एकवीस फेब्रुवारी. कडाक्याची थंडी, पण ऊन. साडेअकराला मेव्हिसची तरंगती काडी हलली. हलली म्हणजे बुडाली नाही, नुसती बाजूला सरकली, कुणी बोटानं ढकलावी तशी. मी म्हटलं, "वारा असेल." मेव्हिसनं दांडी उचलली आणि दांडी वाकली ती वाकलीच!

पंधरा मिनिटं. थंडीत कार्प उड्या मारत नाही, नुसता जड होतो, खाली-खाली जातो. मेव्हिस पाय रोवून दोरी सांभाळत होती. आम्ही सहा जणी मात्र किंचाळत होतो. हॉरेस खुर्ची पाडून धावत आला आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरला, जाळी हातात. "सावकाश गं! सावकाश! लेन काय म्हणायचा? दोरी ढिली पडू देऊ नको!" साक्षीदार म्हणे! मासा जाळीत आला तेव्हा सगळ्यात मोठ्यांदा तोच ओरडला.

काय मासा होता! सोनेरी, जाड, ओठ रबरासारखे, पाठीवर मोजके मोठे खवले. आम्ही त्याला ओल्या झोळीत घेतलं. ती झोळी मेव्हिसनंच लेनसाठी शिवली होती, जाड गोणपाटाची. हॉरेसनं क्लबाचा ताणकाटा लावला, उचलला. काटा थरथरला, थांबला. हॉरेसनं दोनदा बघितलं.

"दहा पौंड दोन औंस," तो म्हणाला. "मेव्हिस, झालं! तळं तुझं!"

आम्ही एकमेकींना मिठ्या मारतोय, माझ्या डोळ्यांतून पाणी, हॉरेस आपल्या वहीत लिहितोय. मेव्हिस मात्र गुडघ्यांवर बसून माशाला पाण्यात धरून होती, तोंड वर, हळूहळू. गार हवेत त्याला फार वेळ ठेवायचं नसतं. त्यानं शेपूट हलवलं आणि गेला. मग ती उठली आणि तिची नजर झोळीवर गेली. झोळीतून पाणी ठिपकत होतं.

तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"हॉरेस," ती म्हणाली, "झोळी तोल."

"काय?"

"रिकामी झोळी. ओलीच. तोल."

"मेव्हिस, कुणीच झोळी तोलत नाही. क्लबात आजपर्यंत कुणी तोलली नाही."

"मी सव्वीस वर्षं आधी वाटी तोललीय. आनंदाच्या भरात आज विसरले. तोल."

हॉरेसनं तोलली. सहा औंस. पौंडाचे सोळा औंस, दहा-दोनमधून सहा गेले. नऊ पौंड बारा औंस. मेव्हिसनं आमच्या वहीत स्वतःच्या हातानं तेच लिहिलं, त्या सुंदर अक्षरात. हॉरेस हळूच म्हणाला, "माझ्या वहीत दहा-दोन आहे. कोण विचारतंय?" ती म्हणाली, "खोड ते."

मी तिला काय-काय बोलले ते सांगत नाही. एवढंच सांगते. "सहा औंस! तीन अंड्यांचं वजन! तीन अंड्यांपायी तळं घालवलंस! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!" तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वजन खरं लिहायचं, असा नियम मीच लिहिलाय गं, डॉट. पहिल्याच माशाला तो मोडला तर क्लब कशाला काढला?" मग तिनं गळाला नवा दाणा लावला.

उरलेले तीन आठवडे आम्ही रोज पाळी लावून बसलो. एक मासा नाही. चौदा मार्चला अंधार पडायच्या आत दांड्या गुंडाळल्या. कुणी रडलं नाही. पण घरी येताना कुणी बोललंही नाही, आणि ही शांतता मला अजिबात आवडली नाही.

पुढचा रविवार. दुकानात रांग दारापर्यंत, मेव्हिस रांगेत तिसरी. एवढ्यात खिडकीतून दिसलं, हॉरेस रस्त्यानं येतोय, काखेत टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. मागून क्लबातले दोघे-तिघे, "अरे हॉरेस, वेडा झालास का?" करत. तो आत आला आणि सरळ माझ्या काउंटरवर ते ठेवलं. पीठ उडालं. त्यानं कापड काढलं. क्लबाची पाटी.

"मेव्हिस," तो म्हणाला, "तुझ्याकडे घरी सोनेरी रंग आहे ना?"

"आहे. का?"

"परवा रात्रीपासून झोप नाही मला. क्लबाची मासे तोलायची पिशवी बायकोच्या भांड्यांच्या टबात बुडवली आणि तोलली. सात वेळा. सात औंस भरते. माझा मासा त्या पिशवीतच तोलला होता." त्यानं पाटीवरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "वीस पौंड एक औंस! अकरा वर्षं मी 'वीस पौंडांचा हॉरेस' म्हणून मिरवतोय. एकोणीस-दहा आहे तो."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे, पण कोण बघतंय?"

"हेच मीही तिला म्हणालो होतो," हॉरेस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "काल ब्रॅटकडे गेलो. म्हटलं, क्लबाच्या मापानं तिचा मासा दहा-दोन. तो खोटा असेल तर माझाही खोटा."

"माझा नऊ-बारा आहे," मेव्हिस म्हणाली. "दहा-दोन सांगून मला तळं नको."

"ठाऊक आहे गं बाई! ब्रॅटलाही ठाऊक आहे. तो म्हणाला, जन्मभर विटा विकल्या, हजारात पन्नास कमी देणारे बघितले, स्वतःचंच माप कमी करून सांगणारी पहिलीच बघतोय. करार करून टाकलाय त्यानं. सोळा जूनपासून पाणी तुमच्या क्लबाचं." त्यानं खिशातून कागद काढला आणि पिठात ठेवला. "आणि तुमचा तो दुसरा नियम… बाई असो, बाप्या असो… तो अजून आहे ना?"

"आहे," मेव्हिस म्हणाली.

"मग माझं नाव घाल. पाहुणा म्हणून नको."

दुकानात जो गलका झाला, त्यात माझी सहा घावनं करपली. मी काउंटर ओलांडून मेव्हिसला धरलं. तीन अंड्यांबद्दल जे-जे बोलले होते, ते सगळं तिथल्या तिथे गिळलं. एवढी ताठ मानेनं मी त्या दुकानात कधी उभी राहिले नव्हते.

पण मेव्हिसचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती पाटी वाचत होती, वरपासून खालपर्यंत. तिनं लिहिलेली तिचीच अक्षरं. मग तिनं हॉरेसकडे बघितलं आणि हॉरेसची मान खाली गेली. तेवढ्यात माझ्याही डोक्यात उजेड पडला. पाटीवरच्या सगळ्यांची पिशवी एकच होती, लेनचीही.

"ते राहू दे," हॉरेस पुटपुटला. "त्याचं राहू दे, मेव्हिस. फक्त माझंच कर. तो काय आता सांगायला येणार आहे?"

मेव्हिस घरी गेली आणि रंगाची पेटी घेऊन आली. रांगेतल्या लोकांनी जागा करून दिली. कुणी घावन मागितलं नाही. तिनं बारीक पात्यानं जुना रंग खरवडला, फुंकर मारली, कुंचला बुडवला, श्वास रोखला. हात तसूभर हलला नाही.

हॉरेसचं नाव सगळ्यात वर होतं, पण तिनं सुरुवात तिथून केली नाही. आधी लेनचं केलं. पंधरा पौंड नऊ औंस.